आदेश निघतो, पण पोहोचतो कधी?

जानेवारी २०२३ मध्ये छत्तीसगड सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांपुढे एक निवड ठेवली. १ नोव्हेंबर २००४ पासून नोकरीत आलेल्यांसाठी राज्याने आदल्याच वर्षी जुनी पेन्शन योजना पुन्हा लागू केली होती. आता ज्याने त्याने ठरवायचे होते, जुन्या योजनेत यायचे की नव्या अंशदायी योजनेतच राहायचे. निवड लेखी द्यायची, शपथपत्रासह द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत द्यायची. मुदत थोड्याच आठवड्यांची होती. निर्णय मात्र निवृत्तीनंतरच्या सगळ्या आयुष्याचा. सरकारी महाविद्यालयातले सहायक प्राध्यापक, ग्रंथपाल, क्रीडाधिकारी, लिपिक, प्रयोगशाळा परिचारक आणि शिपाई, सगळेच त्यात आले. त्या दिवसांत कोणी प्रसूती रजेवर असेल, कोणी गावी आजारी आईजवळ असेल, कोणाला बदली होऊन जुन्या कॉलेजने सोडले असेल आणि नव्या कॉलेजात अजून रुजू व्हायचे असेल. अशा माणसाच्या हाती तो कागद वेळेत पडावा, ही जबाबदारी कोणाची?

महाविद्यालयातल्या सूचना आणि परिपत्रके हा वरवर पाहता कारकुनी विषय. पण पगार, बढती, रजा, पेन्शन, गोपनीय अहवाल, परीक्षेचे काम, अभ्यासक्रमातले बदल, हे सगळे त्या कागदांतूनच ठरते. प्राध्यापक वर्गात काय शिकवतो याकडे समाजाचे लक्ष असते. त्याच्यापर्यंत काय पोहोचते आणि काय पोहोचत नाही, याकडे फारसे कोणी पाहत नाही. म्हणून एक गाव आणि तिथले एक कॉलेज समोर ठेवून हा प्रवास पाहू.

भिलाई म्हटले की पोलाद कारखाना आठवतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झालेला करार आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पेटलेली पहिली झोतभट्टी, या तारखा पाठ्यपुस्तकांत आहेत. भिलाई-३ हा भाग मात्र कारखान्याच्या आखीव टाऊनशिपच्या बाहेर, रायपूरच्या अंगाला, चरोद्याच्या रेल्वे यार्डाजवळ आहे. भिलाई-चरोदा ही त्याची महानगरपालिका वेगळी. मुंबई-हावडा लोहमार्गावर नुसते ‘भिलाई’ नाव असलेले स्टेशन आहे, ते इथलेच. कारखान्याच्या वस्तीसाठी पुढे पॉवर हाऊस आणि भिलाई नगर ही वेगळी स्टेशने लागतात. इथल्या सरकारी पदव्युत्तर महाविद्यालयाला डॉ. खूबचंद बघेल यांचे नाव आहे. बघेल १९०० साली रायपूर जिल्ह्यातल्या पथरी गावी जन्मले आणि वैद्यकीचे शिक्षण घ्यायला नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्ये गेले. स्वातंत्र्यलढ्यात उतरले, नाटके लिहिली, वेगळ्या छत्तीसगडची मागणी मांडत राहिले. १९६९ मध्ये ते वारले. त्यांना हवे असलेले राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले.

या कॉलेजच्या टेबलावर कागद किती ठिकाणांहून येतात ते पाहा. दिल्लीहून विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, विनियम-पत्रे येतात. नवा रायपूरमध्ये महानदी भवन हे मंत्रालय आणि इंद्रावती भवनात उच्च शिक्षण आयुक्तालय. नियुक्ती, बदली, रजा, वेतन आणि अतिथी व्याख्यात्यांचे आदेश तिथून निघतात. परीक्षा, अभ्यासक्रम, प्रवेशाच्या तारखा आणि मूल्यांकनाची कामे दुर्गच्या हेमचंद यादव विद्यापीठाकडून येतात. बेंगळुरूहून कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे निकष येतात. जिल्ह्यासाठी एक अग्रणी महाविद्यालय असते. दुर्ग जिल्ह्यात ते विश्वनाथ यादव तामस्कर यांच्या नावाचे, १९५८ मध्ये सुरू झालेले सरकारी महाविद्यालय. शासनाला जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांची माहिती एकत्र हवी असली की तिकडून फोन येतो. त्यात निवडणूक आली की जिल्हाधिकारी कार्यालयाचे आदेश वेगळे. यातला प्रत्येक पाठवणारा आपला कागद तातडीचा मानतो. वाचणारे मात्र प्राचार्य आणि कार्यालयातली दोन-चार माणसे.

आज या कॉलेजचे विद्यापीठ पुढच्याच शहरात, दुर्गला आहे. पूर्वी तसे नव्हते. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले आणि मध्य प्रांताचा भाग म्हणून छत्तीसगड त्याच्या कक्षेत होता. १९३८ मध्ये रायपूरला छत्तीसगड कॉलेज सुरू झाले, तेव्हा विद्यापीठाचा कागद अडीचशे किलोमीटरहून लांबच्या नागपुराहून येई. १९४६ मध्ये डॉ. हरिसिंग गौर यांनी सागर विद्यापीठ उभारले आणि इथली कॉलेजे हळूहळू तिकडे जोडली गेली; अंतर कमी झाले नाही, वाढलेच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजधानीही नागपूरहून भोपाळला गेली. १९६४ मध्ये रायपूरला रविशंकर विद्यापीठ आले, २००० मध्ये राजधानी रायपूरला आली आणि २०१५ मध्ये दुर्गला स्वतंत्र विद्यापीठ झाले. नागपूर, सागर, रायपूर, दुर्ग असा हा क्रम. विद्यापीठ जवळ आणायचे ते विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी, असे आपण मानतो आणि ते खरेच आहे. पण त्याने शिक्षक आणि कर्मचाऱ्यांचीही मोठी सोय होते. शंका आली तर सकाळच्या लोकलने जाऊन संध्याकाळी घरी परतता येते.

शासनाचा एक कागद शिक्षकाच्या आयुष्यात काय करू शकतो, याचे याच पट्ट्यातले उदाहरण म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध. मराठी घरात वाढलेले हे हिंदी कवी १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने १९६२ मध्ये बंदी घातली. ते त्यांनी मनाला लावून घेतले. दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये ते गेले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आदेश लागू कधी होतो? सही झाली तेव्हा, जावक क्रमांक पडला तेव्हा, की ज्याच्याबद्दल आहे त्याला कळला तेव्हा? भारतीय न्यायालयांनी याचे उत्तर फार स्पष्ट दिले आहे आणि प्रत्येक कर्मचाऱ्याने ते माहीत करून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

पहिला खटला हरला विरुद्ध राजस्थान राज्य, १९५१ चा. जयपूर संस्थानच्या १९२३ च्या अफू कायद्याखाली हरला नावाच्या माणसाला पन्नास रुपये दंड झाला होता. हा कायदा मंत्रिमंडळाने ठराव करून केला खरा, पण तो राजपत्रात किंवा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने लोकांपुढे ठेवलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. ज्याची गंधवार्ता लोकांना लागलेली नाही अशा नियमाने माणसाला शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस त्या वर्षापर्यंत नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, म्हणजे दुर्ग आणि रायपूरही त्यांच्याच अधिकारक्षेत्रात. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस हे त्यांचे आजोबा.

दुसरा खटला नोकरीतलाच. पेप्सू (पतियाळा आणि पूर्व पंजाब संस्थाने) या तेव्हाच्या राज्यातल्या अमरसिंग हरिका या अधिकाऱ्याला ३ जून १९४९ च्या आदेशाने बडतर्फ केले गेले. आदेशाच्या प्रती इतर अधिकाऱ्यांना गेल्या. खुद्द हरिकांना गेली नाही. त्यांना ते कळले १९५१ मध्ये. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, बडतर्फीचा आदेश नुसता काढून फाइलीत ठेवल्याने लागू होत नाही. तो संबंधिताला कळवला गेला पाहिजे किंवा प्रसिद्ध झाला पाहिजे. त्याआधी, १९६२ मध्ये, बच्चित्तरसिंग यांच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली होती. मंत्र्याने फाइलीवर मारलेला शेरा हा आदेश नव्हे. तो शासनाच्या नावाने औपचारिक आदेशात उतरून संबंधिताला कळवला जात नाही, तोवर मंत्री मत बदलू शकतो. ‘वरून होकार आला आहे, साहेबांची सही झाली आहे’ असे सांगत कॉलेजातून फिरणाऱ्या प्रत्येक बातमीला हा निकाल लागू पडतो.

चौथा निकाल अलीकडचा आणि प्राध्यापकांना थेट लागणारा. सीमा रस्ते संघटनेतले अभियंता देव दत्त यांच्या गोपनीय अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होता. शेरा प्रतिकूल नाही म्हणून त्यांना तो कळवलाच नव्हता आणि बढती हुकली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की वार्षिक अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध दाद मागता येईल. तुमचा अहवाल कोणी दाखवत नसेल तर तो लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे.

माहितीचा अधिकार कायदाही इथे कामाला येतो, आणि त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. २००५ च्या या कायद्याचे चौथे कलम सरकारी संस्थेला सतरा प्रकारची माहिती आपणहून प्रसिद्ध करायला लावते. ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना प्रशासकीय निर्णयांची कारणे द्यायला लावते. माहिती पसरवणे म्हणजे काय, हे सांगताना कायद्याने सूचना फलक, वर्तमानपत्र, इंटरनेट अशी साधने नावानिशी दिली आहेत आणि स्थानिक भाषेचा विचार करायला सांगितले आहे. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याने तर अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश आणि छळाचे दंडनीय परिणाम दर्शनी जागी लावणे मालकाला बंधनकारक केले आहे. कॉलेजच्या फलकावर तो कागद नसेल तर तेवढ्यापुरते कॉलेज कायदा मोडत आहे, मग समिती कागदोपत्री कितीही उत्तम असो.

असा एखादा कागद वाचायचा कसा, हे कोणी शिकवत नाही. नवा सहायक प्राध्यापक आपल्या विषयात नेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असतो, पण परिपत्रक हातात आले की थेट मधला मजकूर वाचू लागतो. अनुभवी मुख्य लिपिक आधी वर पाहतो आणि मग एकदम तळाशी जातो. वर क्रमांक आणि दिनांक असतात. क्रमांक नसलेला कागद म्हणजे मसुदा किंवा अफवा. त्याखाली ‘विषय’ आणि ‘संदर्भ’. संदर्भाची ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण हा कागद कोणत्या जुन्या कागदावर उभा आहे ते तिथे कळते. तो जुना कागद काढून शेजारी ठेवल्याशिवाय नवा समजत नाही. मग पाहायचे की जुना आदेश रद्द केला आहे, त्यात दुरुस्ती केली आहे की केवळ खुलासा केला आहे. लागू होण्याची तारीख पत्राच्या तारखेपेक्षा वेगळी असू शकते, मागचीही असू शकते. सहीखाली, छत्तीसगडच्या पत्रांत, ‘पृष्ठांकन क्रमांक’ म्हणून दुसरा आकडा येतो आणि प्रत कोणाकोणाला गेली त्याची यादी असते. यादीत कोषागार अधिकाऱ्याचे नाव असेल तर समजायचे की हा पैशाचा कागद आहे आणि पगारपत्रकात काहीतरी बदलणार आहे. महाराष्ट्राच्या शासन निर्णयाच्या शेवटी तारखेपासून सुरू होणारा लांबलचक संकेतांक आणि डिजिटल स्वाक्षरी असते. तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की कागद खरा की खोटा ते मिनिटभरात कळते. ही पडताळणी न करता कागद पुढे पाठवणे आता तरी थांबायला हवे.

नीट न वाचल्याने काय होते, त्याचे ठळक उदाहरण म्हणजे पीएचडीची अट. १८ जुलै २०१८ च्या विनियमांत यूजीसीने म्हटले की १ जुलै २०२१ पासून विद्यापीठांत सहायक प्राध्यापक पदाच्या थेट भरतीसाठी पीएचडी अनिवार्य राहील. वाक्यात ‘विद्यापीठांत’ हा शब्द होता. महाविद्यालयांसाठी नेट किंवा सेट पुरेशी होती. पण बातमी पसरली ती ‘आता पीएचडीशिवाय प्राध्यापक होता येणार नाही’ अशी. कितीतरी तरुणांनी घाईघाईने, विषयाची तयारी नसताना नोंदणीसाठी धाव घेतली, फी भरली, मिळेल तो मार्गदर्शक धरला. पुढे करोनामुळे ही तारीख १ जुलै २०२३ पर्यंत ढकलली गेली आणि ती तारीख उजाडताना नवी दुरुस्ती आली: नेट, सेट, स्लेट हीच थेट भरतीची किमान पात्रता, पीएचडी ऐच्छिक. ‘विद्यापीठांत’ हा शब्द ज्यांनी पहिल्याच दिवशी नीट वाचला, त्यांची झोप उडाली नाही.

संशोधनपत्रिकांच्या यादीचेही असेच झाले. २०१९ मध्ये यूजीसी-केअर यादी आली. बढतीसाठी लेख याच यादीतल्या पत्रिकेत हवा, असा नियम झाला. पत्रिका यादीत येत, यादीतून काढल्या जात. लेख छापून आला त्या दिवशी पत्रिका यादीत होती का, यावर गुण अडत. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने यादीच बंद केली आणि पत्रिकेची गुणवत्ता पारखण्याचे काम संस्थांवर सोपवून त्यासाठी सूचक निकष दिले. ज्यांचा लेख त्या काळात छापून आला आहे त्यांनी यादीतल्या त्या वेळच्या नोंदीचा छापील पुरावा जपून ठेवावा. मुलाखतीच्या दिवशी तोच कामाला येईल.

बढतीचे गणितही सांगून ठेवतो, कारण स्टाफरूममध्ये सर्वाधिक चुकीची माहिती याबद्दल असते. २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या दहाव्या स्तरावरून अकराव्यावर जायला पीएचडी असेल तर चार वर्षे, एमफिल असेल तर पाच आणि दोन्ही नसेल तर सहा वर्षे सेवा लागते. सोबत एकवीस दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि एक उजळणी वर्ग किंवा त्याला पर्यायी कार्यक्रम लागतो. या वर्गांसाठीची केंद्रे २०२३ पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे झाली आहेत. बरेच वर्ग ऑनलाइन होतात, जागा मर्यादित असतात, नोंदणी थोडे दिवस खुली असते. दहाव्या स्तराचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, अकराव्याचे ६८,९०० पासून. एका वर्गाची सूचना हुकली आणि बढतीची तारीख वर्षभराने पुढे गेली, तर दर महिन्याला किती हजार गेले त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

वरच्या निर्णयाला खाली यायला किती वेळ लागतो, त्याचे मोजमाप सातव्या वेतन आयोगाने दिले. प्राध्यापकांची सुधारित वेतनश्रेणी लागू होती १ जानेवारी २०१६ पासून. केंद्राचे पत्र निघाले २ नोव्हेंबर २०१७ ला. यूजीसीचे विनियम आले १८ जुलै २०१८ ला. महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला ८ मार्च २०१९ ला. लागू दिनांक आणि राज्याचा आदेश यांत तीन वर्षांहून अधिक अंतर. शिक्षण हा केंद्र आणि राज्य दोघांचाही विषय, त्यामुळे दिल्लीत बातमी आली म्हणजे आपल्याला लागू झाली असे होत नाही. राज्याने ती स्वीकारून आदेश काढावा लागतो. टीव्हीवर पाहून कर्जाचे हप्ते ठरवणाऱ्यांची या काळात फार ओढाताण झाली.

आणि कधी दोन वरचे एकमेकांविरुद्ध बोलतात. २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने करोनामुळे अंतिम वर्षाच्या परीक्षा घेऊ नयेत असे ठरवले, तर ६ जुलैला यूजीसीने त्या सप्टेंबरअखेर घ्याव्यात असे सांगितले. प्राचार्यांनी कोणाचे ऐकायचे? २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: आपत्तीच्या काळात परीक्षा पुढे ढकलण्याचा अधिकार राज्याला आहे, पण परीक्षा न घेताच पदवी देण्याचा नाही. मधले दोन महिने प्रत्येक कॉलेजात शिक्षक विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना काय उत्तर द्यावे या पेचात होते. अशा वेळी ‘अजून निर्णय झालेला नाही, झाला की लेखी कळवू’ एवढीच सूचना प्राचार्यांनी सहीनिशी लावली तरी निम्मी घबराट ओसरते. निर्णय न झाल्याची बातमीही बातमीच असते.

कागद वेळेत हाती पडत नाहीत, यावर विदर्भातल्या प्राध्यापकांनी स्वतःचा मार्ग काढला होता. नागपूर विद्यापीठ शिक्षक संघाचे, म्हणजे नुटाचे, मुखपत्र ‘नुटा बुलेटिन’. संघाचे नेते प्रा. बी. टी. देशमुख १९८० पासून तीस वर्षे अमरावतीच्या पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेत होते. बुलेटिनमध्ये शासन निर्णय, विद्यापीठाशी झालेला पत्रव्यवहार, न्यायालयांचे निकाल मूळ मजकुरासह छापले जात. गडचिरोली किंवा बुलडाण्याच्या आडगावातल्या कॉलेजात शिकवणाऱ्याला प्राचार्यांच्या खोलीतली फाइल पाहायला मिळाली नाही, तरी कागद तारीख-क्रमांकासह हाती असे. प्राध्यापकांच्या बाजूने भांडणारे हे मुखपत्र; पण मूळ कागद जसाच्या तसा देण्याची त्याची शिस्त कोणत्याही कार्यालयाने घ्यावी अशी आहे. सारांश सांगणाऱ्याचा असतो, मजकूर सगळ्यांचा.

आज बुलेटिनची जागा व्हॉट्सॲपने घेतली आहे. वेग वाढला यात शंका नाही. पण पूर्वीची सूचना वही आठवून पाहा. जाड पुठ्ठ्याची फुलस्केप वही, वरच्या अर्ध्या पानात प्राचार्यांच्या हातची किंवा टंकलिखित सूचना चिकटवलेली, खाली ज्येष्ठतेनुसार नावे आणि नावापुढे सहीची जागा. शिपाई ती काखोटीला मारून वर्गावर्गाच्या दाराशी उभा राहायचा, तास संपला की वही पुढे करायचा. सही करताना कोणी वेळही लिहायचे. रजेवरच्या माणसापुढची जागा कोरी दिसायची, आणि ती कोरी जागा पाहूनच मुख्य लिपिकाला कळायचे की याला घरी कळवायला हवे. व्हॉट्सॲपवर ही कोरी जागा दिसत नाही. निळ्या खुणा दिसतात, पण शेकडो संदेशांच्या गर्दीत, शुभप्रभात आणि वाढदिवसांच्या मध्ये, कोणता कागद कोणी खरोखर वाचला ते कळत नाही. शिवाय गटात नसलेला माणूस सूचनेबाहेरच राहतो.

आणि गटात नसलेले कोण असतात? बहुतेक वेळा अतिथी व्याख्याते, कंत्राटी सफाई कामगार, रोजंदारीवरचा माळी, स्मार्टफोन नसलेला वयस्क शिपाई. छत्तीसगडमध्ये अतिथी व्याख्याते, महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. नावे वेगळी, स्थिती सारखी. वर्गातला मोठा भार तेच वाहतात. यूजीसीने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये मानधनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. राज्ये प्रत्यक्षात किती देतात हा वेगळा विषय. पण असे काही पत्र आहे हेच कितीकांना माहीत नसते, कारण ते त्यांना कोणी दाखवलेले नसते. ज्याची नोकरी दर सत्रागणिक नव्या आदेशावर टिकते, त्यालाच आदेश सर्वांत शेवटी कळावा, हे मला अन्यायाचे वाटते.

ईमेलबद्दलही एक गोष्ट माहीत असावी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायदेशीर मान्यता आहे, आणि तुम्ही ज्या पत्त्यावर संदेश घ्यायचे ठरवले आहे त्या संगणकप्रणालीत तो शिरला की तो मिळाला असे धरले जाते. तुम्ही उघडला की नाही हा मुद्दा नंतरचा. त्यामुळे सेवापुस्तकात किंवा कार्यालयात दिलेला ईमेल पत्ता बंद पडला असेल तर आजच बदलून घ्या. जुन्या सायबर कॅफेत दुसऱ्याने काढून दिलेला पत्ता अजून नोंदीत असलेले कर्मचारी प्रत्येक कॉलेजात असतात.

सुरुवातीला सांगितलेली पेन्शनची निवड महाराष्ट्रातल्या वाचकांनी छत्तीसगडचे प्रकरण म्हणून बाजूला ठेवू नये. २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रानेही अशीच एकदाच मिळणारी संधी दिली होती: ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली पण नियुक्ती नंतर झाली, त्यांना सहा महिन्यांच्या आत जुन्या पेन्शनचा पर्याय निवडता येत होता. निवड केली नाही तर नवी योजनाच कायम.

प्राचार्य, प्रबंधक आणि मुख्य लिपिकांना माझे सांगणे आहे. मूळ पत्र गटात जरूर टाका, पण सोबत दोन ओळी स्वतः लिहा: हे कोणाला लागू आहे, काय करायचे आहे, शेवटची तारीख कोणती. पैशाचा, पेन्शनचा किंवा सेवेचा कागद असेल तर सूचना वहीवर सही घ्या आणि सहीची जागा कोरी राहिलेल्या माणसाला फोन करा. रजेवरच्यांची, बदली होऊन मधल्या काळात अडकलेल्यांची आणि अतिथी व्याख्यात्यांची वेगळी यादी भिंतीवर लावून ठेवा. आणि प्राध्यापक व कर्मचारी मित्रांनो, कागद कोणी सांगितला म्हणून मानू नका, त्याचा क्रमांक आणि दिनांक मागा, संदर्भ काढून वाचा, आणि आपली प्रत घरच्या फाइलीत ठेवा.